गढूळ पाण्यातले यान: कण किती आणि कुठे?

२३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श यांचे 'ट्रिएस्ट' हे यान मरियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोलीवर टेकले. टेकताच तळावरचा मऊ गाळ उसळला आणि खिडकीबाहेर पांढुरका ढग पसरला. वीसेक मिनिटांच्या मुक्कामात तो निवळला नाही. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल जागेचे धड छायाचित्र न घेताच दोघे वर आले.

पाण्याखालच्या यानांच्या कथांमध्ये गाळ बहुतेक वेळा असाच येतो, नजर अडवणारा म्हणून. पण पाण्यात तरंगणारे कण यानाच्या अंगावरून वाहणारे पाणीच बदलतात का? ते रोध वाढवतात की कमी करतात, खळबळ दाबतात की चेतवतात? या प्रश्नाकडे नद्यांच्या अभियंत्यांनी कालव्यातून पाहिले, धुळीच्या अभ्यासकांनी हवेच्या नळ्यांतून आणि नौदलांच्या प्रयोगशाळांनी जलबोगद्यातून. तिघांची उत्तरे वरवर पाहता एकमेकांशी जुळत नाहीत. ती शेजारी ठेवली की मात्र एक सूत्र हाती लागते. पाण्यात कण किती आहेत यावर थोडेच ठरते. ते यानाच्या भोवती नेमके कुठे आहेत यावर बरेच काही ठरते. या लेखात त्या सूत्राच्या आधारे आजवरच्या कामाचा आढावा घ्यायचा आहे.

पाण्यात असते काय?

मोकळ्या महासागराच्या मधल्या थरांत निलंबित पदार्थ लिटरला एक दशांश मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतो. किनाऱ्याकडे आणि खाड्यांत हे प्रमाण काही मिलिग्रॅमपासून शेकडो मिलिग्रॅमपर्यंत चढते. खंबातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला, भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो. तिथे उधाणाच्या दिवसांत पाणी तळापासून ढवळून निघते. लिटरमागे सुमारे १० ग्रॅमच्या पुढे कण एकमेकांची वाट अडवू लागतात, खाली बसण्याचा वेग मंदावतो आणि तळाशी द्रव चिखलाचा थर साचतो. चीनच्या ह्वांगहो नदीत, धरणे आणि मृदसंधारणाची मोठी कामे होण्यापूर्वी, घनमीटरमागे सरासरी ३५ किलोच्या आसपास गाळ वाहत असे.

हे कण एकजात नसतात. बारीक वाळूचा दाणा १०० मायक्रोमीटरच्या आसपास असतो, तर चिकणमातीचा कण एक-दोन मायक्रोमीटरचा. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना धरतात आणि त्यांचे शेकडो मायक्रोमीटरचे भुसभुशीत पुंजके होतात. पुंजक्यात बहुतांश पाणीच असल्याने तेवढ्याच वजनाचा गाळ कितीतरी जास्त जागा व्यापतो. यात प्लवकांची, विष्ठेच्या गोळ्यांची आणि मृत अवशेषांची भर पडते. म्हणून 'लिटरला इतके मिलिग्रॅम' एवढ्याने पाण्याचे वर्णन पुरे होत नाही.

दाटपणाचा हिशेब

पहिला विचार मनात येतो तो असा: कण मिसळल्यावर पाणी दाट होणार, मग यानाला जास्त जोर लागणार. याचा पाया आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी घातला. १९०५ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी विरळ मिश्रणाची विष्यंदिता, म्हणजे द्रवाच्या थरांमधले आतले घर्षण, कणांनी व्यापलेल्या जागेच्या प्रमाणात वाढते असे दाखवले. आकडेमोडीत मात्र एक चूक राहिली होती. पॅरिसमध्ये जाँ पेरँ यांच्या प्रयोगशाळेत बांसलँ यांनी केलेली मोजणी सूत्राशी जुळेना, तेव्हा आइन्स्टाइन यांनी लुडविग हॉप्फ यांना गणित तपासायला सांगितले. चूक सापडली आणि १९११ मध्ये २.५ हा आज वापरला जाणारा गुणांक छापला गेला. कणांनी एक टक्का जागा व्यापली तर विष्यंदिता अडीच टक्के वाढते.

हे सूत्र एका खऱ्या यानाला लावून पाहू. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओने, 'माया' नावाचे छोटे स्वयंचलित यान बनवले. लांबी सुमारे पावणेदोन मीटर, व्यास २३ सेंटिमीटर, वजन ५५ किलोच्या आसपास आणि चाल सेकंदाला दीड मीटर. समजा, एवढ्या आकाराचे यान लिटरला तब्बल १० ग्रॅम गाळ असलेल्या पाण्यात चालले आहे. दाण्याची घनता पाण्याच्या २.६५ पट धरली तर कणांनी व्यापलेली जागा अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते. विष्यंदिता जेमतेम एक टक्क्याने वाढते. संक्षुब्ध, म्हणजे खळबळीच्या, प्रवाहातले पृष्ठघर्षण विष्यंदितेच्या साधारण पाचव्या मुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून त्यातली वाढ ०.२ टक्क्याच्या आसपास. मिश्रणाची घनता ०.६ टक्क्याने वाढल्याची भर घातली तरी एकूण रोध एक टक्क्यानेही वाढत नाही. लिटरला १०० मिलिग्रॅमच्या खाडीत तर हा फरक कोणत्याही साधनाला सापडणार नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू मात्र दुर्लक्ष करण्याजोगी नाही. १० ग्रॅम गाळामुळे घनमीटरमागे पाणी सुमारे ६ किलोने जड होते. ५५ लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या यानावर त्यामुळे एक तृतीयांश किलोचे जादा प्लावक बल येते. अशा सुडौल यानाचा रोधगुणांक ०.२ धरला तर दीड मीटर वेगाला एकूण रोध एक किलोभाराच्या आसपास येतो. म्हणजे गाळाने पुढे जाण्याचा खर्च जवळजवळ वाढवला नाही, पण यानाला वर ढकलणारे बल रोधाच्या एक तृतीयांशाइतके निर्माण केले. मग नाक खाली धरण्यासाठी पंख कलते ठेवावे लागतात आणि त्या तिरकेपणाचा रोध पुन्हा वेगळा पडतो. गढूळ पाण्यात बॅटरी लवकर संपली तर आधी यानाचा समतोल तपासावा. पाण्याच्या दाटपणावर खापर फोडण्याची घाई नको.

कण पाण्याबरोबर वळतो का?

जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्या १८५१ च्या कामातून सूक्ष्म गोलकावरचा रोध कळला आणि त्यावरून कण बसण्याचा वेगही. १० मायक्रोमीटरचा दगडी कण शांत पाण्यात दिवसाला आठेक मीटर खाली जातो. १ मायक्रोमीटरचा कण दिवसाला जेमतेम आठ सेंटिमीटर. वीस मिनिटे थांबूनही गर्तेतला ढग का निवळला नाही, हे यावरून समजते.

याच सूत्रावरून आणखी एक काळ निघतो: भोवतालच्या पाण्याचा वेग बदलल्यावर कणाला तो पकडायला किती वेळ लागतो. १० मायक्रोमीटरच्या कणाला एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले पंधरा भाग पुरतात. १०० मायक्रोमीटरच्या वाळूला सुमारे दीड मिलिसेकंद लागते. यानाच्या नाकाला वळसा घालायला पाण्याला याच्या कितीतरी पट वेळ मिळतो. म्हणून यानाच्या एकूण आकाराच्या मापाने पाहिले तर गाळ पाण्याच्या रेषांवरूनच निमूट जातो आणि प्रवाहाचे ढोबळ चित्र बदलत नाही.

चित्र बदलते ते यानाच्या त्वचेला चिकटून असलेल्या पातळ थरात. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडलेला हा सीमास्तर मायाएवढ्या यानाच्या शेपटीपाशी तीनेक सेंटिमीटर जाड असतो. त्यातही पृष्ठभागाला अगदी लागून असलेला, विष्यंदितेच्या ताब्यातला थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ. इथे वाळूचा दाणा त्या थराएवढाच उंच ठरतो. तिथली खळबळ मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात कूस बदलते, आणि दाण्याला मात्र दीड मिलिसेकंद हवे असते. तो मागे पडतो, थरातून आडवा जातो, पाण्याशी वेगाची देवाणघेवाण करतो. शरीराच्या मापाने आज्ञाधारक असलेला कण त्वचेच्या मापाने उद्दाम होतो.

भिंतीजवळचा वाद

अशा कणांमुळे खळबळ वाढते की घटते, यावर पाऊण शतक वाद चालू आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये व्हिटो व्हॅनोनी यांनी १९४६ मध्ये दाखवले की तळाजवळ गाळ दाटला की पाण्याचा वेग उंचीनुसार वेगळ्या तऱ्हेने वाढतो. वेगाच्या या वाढीचा उतार ठरवणारा कार्मान स्थिरांक ०.४ वरून खाली उतरल्यासारखा दिसतो. त्यांचा अर्थ असा की जड कण उचलून धरण्यात खळबळीची शक्ती खर्च होते आणि ती मंदावते. १९८१ मध्ये नील कोलमन यांनी आक्षेप घेतला. स्थिरांक बदलत नाही, बदल तळापासून दूरच्या प्रवाहात होतो आणि सरळ रेषा चुकीच्या भागातून काढल्यामुळे तो तळाजवळ झाल्यासारखा वाटतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद पुरता मिटला नसला तरी त्यातून एक गोष्ट पक्की झाली: गाळाचा परिणाम सगळीकडे सारखा वाटून टाकता येत नाही.

१९८९ मध्ये गोर आणि क्रो यांनी तोवरचे विखुरलेले प्रयोग एकत्र करून एक ढोबळ नियम काढला. कणाचा व्यास खळबळीतल्या मोठ्या भोवऱ्यांच्या एक दशांशापेक्षा कमी असला तर खळबळ घटते, जास्त असला तर कणामागे उठणाऱ्या लहरींमुळे ती वाढते. १९९४ मध्ये सईद एलगोबाशी यांनी मिश्रणांचा नकाशा आखला. कणांनी व्यापलेली जागा दहा लाखांत एक भागापेक्षा कमी असेल तर पाणी कणांना वाहून नेते, पण कणांचा पाण्यावर परिणाम नगण्य राहतो. हजारात एक भागापर्यंत परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. त्यापुढे कणांच्या आपसातल्या टकराही धराव्या लागतात. दगडी गाळासाठी या दोन सीमा लिटरला सुमारे २.६५ मिलिग्रॅम आणि २.६५ ग्रॅम अशा येतात. या मापाने खुला समुद्र पहिल्या गटात, बहुतेक खाड्या दुसऱ्यात आणि द्रव चिखल तिसऱ्यात मोडतो.

इथे सावध राहायला हवे. या क्षेत्रातला बराचसा सिद्धांत हवेतल्या धुळीवर घडला आहे. फिलिप सॅफमन यांनी १९६२ मध्ये धुळकट वायूच्या स्तरीय, म्हणजे खळबळीविना थराथराने वाहणाऱ्या, प्रवाहाचे गणित केले. त्यात बारीक धूळ प्रवाहाला अस्थिर करते आणि जाड धूळ स्थिर करते, असा उलटसुलट निष्कर्ष निघाला. पण धूळकण हवेच्या दोन हजार पट जड असतो, तर वाळूचा दाणा पाण्याच्या जेमतेम अडीच पट. पाण्यात कणाला हलताना आपल्याभोवतीचे पाणीही हलवावे लागते, आणि त्या पाण्याचे वस्तुमान कणाच्या तुलनेत क्षुल्लक नसते. हवेतला निकाल उचलून समुद्रात लावणाऱ्या लेखांकडे म्हणूनच संशयाने पाहावे.

नाकावरचा नाजूक थर

थोडेसे कण मोठा फरक पाडतात अशी एक जागा नक्की माहीत आहे. सीमास्तर संक्षुब्ध होऊ न देता जास्तीत जास्त लांबीपर्यंत स्तरीय ठेवला तर यानाचे घर्षण बरेच घटते. त्यासाठी शरीराचा फुगवटा मागे सरकवणे हा एक उपाय आणि पृष्ठभाग तापवणे हा दुसरा. तापलेल्या पृष्ठभागालगतचे पाणी पातळ होते आणि तिथला प्रवाह अधिक स्थिर राहतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या १.२२ मीटर व्यासाच्या गारफील्ड थॉमस जलबोगद्यात लॉचल आणि गर्नी यांनी अशा तापवलेल्या शरीरावर प्रयोग केले. १९८४ च्या त्यांच्या अहवालानुसार पृष्ठभाग सरासरी २५ अंशांनी तापवल्यावर प्रवाह बिघडण्याचा रेनॉल्ड्स अंक (वेग, लांबी आणि विष्यंदिता यांवरून निघणारा आकडा) सुमारे ४५ लाखांवरून साडेतीन कोटींच्या पुढे गेला.

पण बोगद्यातले पाणी गाळलेले असते आणि समुद्रातले नसते. १९९५ मध्ये लॉचल, पेट्री आणि स्टाइनब्रिंग यांनी कण मिसळलेल्या पाण्यात तेच शरीर तपासले, तेव्हा स्तरीय प्रवाहाचा फायदा कणांच्या आकारानुसार आणि संख्येनुसार घटत असल्याचे दिसले. नाकापाशी सीमास्तर मिलिमीटरच्या आत असतो. त्यात पुरेसा मोठा कण शिरला की त्याच्यामागे भोवऱ्यांची शेपटी निघते, तिच्यातून खळबळीचा एक ठिपका जन्मतो आणि मागे वाहत जाताना पाचरीसारखा रुंदावतो. कण केव्हाच निघून गेलेला असतो, ठिपका मात्र वाढत राहतो. विमानांच्या जगात याचा अनुभव आधीच आला होता. १९६० च्या दशकात नॉर्थ्रॉप कंपनीच्या एक्स-२१ विमानाचे पंख स्तरीय प्रवाहासाठी खास घडवले होते, पण उंचावरच्या ढगांतले बर्फाचे स्फटिक लागताच तो प्रवाह मोडत असे.

इथे वजनाचे माप कुचकामी ठरते. लिटरला मिलिग्रॅमच्या अंशाएवढा गाळसुद्धा, त्यात मोजके मोठे कण असले आणि ते नाकावर आले तर, शेकडो मिलिग्रॅम बारीक चिकणमातीपेक्षा जास्त नुकसान करतो. उलट ज्या यानाचा सीमास्तर नाकावरच्या संवेदकांमुळे, सांध्यांमुळे आणि स्क्रूंमुळे आधीच संक्षुब्ध झालेला आहे, त्याला या कणांची पर्वा नाही. सर्वेक्षणाची बहुतेक छोटी याने याच दुसऱ्या प्रकारात येतात.

तळालगतचा थर

गाळ पाण्यात सारखा पसरलेला नसतो. तो तळाकडे दाटत जातो आणि कधी त्याला स्पष्ट पृष्ठभाग येतो. अमॅझॉनच्या मुखाबाहेरच्या उथळ समुद्रात असा द्रव चिखल काही मीटर जाडीचा सापडतो. घनतेतल्या चढामुळे वर-खाली होणारी खळबळ दबते आणि तळाने भरतीच्या प्रवाहाला करायचे घर्षण कमी होते. केरळात अलप्पुळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात चिखलाचे असेच पट्टे लाटा गिळून टाकतात. भर मोसमी वाऱ्यात तिथला समुद्र शांत राहतो आणि मच्छीमारांना होड्या काढता येतात.

जहाजांच्या बाबतीत या थराचा अभ्यास बंदरांच्या गरजेतून झाला. रॉटरडॅम आणि झेब्रुगे इथे घनमीटरला १,२०० किलो घनतेच्या पातळीपर्यंतचा चिखल नौकानयनायोग्य खोलीत धरला जातो, म्हणजे जहाजाचा तळ कधी कधी चिखलाच्या अगदी वरून किंवा त्यातूनच जातो. तेव्हा पाणी आणि चिखल यांच्या सीमेवर आतल्या लाटा उठतात, रोध वाढतो आणि सुकाणूची दाद बदलते. फ्रित्यॉफ नान्सेन यांना १८९३ मध्ये 'फ्राम' जहाजावर गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर असाच अनुभव आला होता. जहाज अकारण मंदावले आणि १९०४ मध्ये एकमान यांनी त्यामागच्या आतल्या लाटा प्रयोगाने दाखवल्या.

छोट्या यानाचे काय होईल याचा अंदाज आधीच्या हिशेबावरून बांधता येतो. १,२०० किलो घनतेच्या चिखलात मायाएवढ्या यानावर सुमारे साडेनऊ किलोचे जादा प्लावक बल येईल. त्याच्या पंख्याचा जोर याच्यापुढे किरकोळ आहे. यान त्या थरात शिरण्याऐवजी त्याच्यावर उसळत राहील. त्यात भर म्हणजे वर आणि खाली वेगळी घनता असल्याने यानाच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा दाब सारखा राहत नाही आणि नाक वर-खाली होऊ लागते. नियंत्रणाचे गणित एकाच घनतेचे पाणी धरून बांधलेले असेल तर ते नेमके इथे फसते.

थर वाहू लागला तर गोष्ट आणखी गंभीर होते. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे दरीत २०१५ ते २०१७ दरम्यान अनेक संस्थांनी मिळून उपकरणांची रांग लावली. १८ महिन्यांत १५ गाळप्रवाह नोंदले गेले आणि सर्वांत वेगवान प्रवाह सेकंदाला ७ मीटरच्या पुढे गेला. ८०० किलोची लोखंडी चौकट अशाच एका प्रवाहाने दरीतून किलोमीटरच्या हिशेबात खाली ओढून नेली. दीड मीटरच्या चालीचे यान अशा वेळी केवळ एक मोठा कण असते.

यानानेच उठवलेला ढग

आतापर्यंत कण पाण्यात आधीपासून होते. तळाजवळ काम करणारे यान ते स्वतः निर्माण करते. पोट आणि तळ यांच्यातली फट अरुंद झाली की तिथले पाणी वेगाने पळते, दाब घटतो आणि यान खाली ओढले जाते. ताज्या मऊ गाळाला उठायला पास्कलच्या दहाव्या भागाएवढा घसटता ताणही पुरतो. थ्रस्टरचा झोत त्याच्या कितीतरी पट देतो. उठलेला ढग थ्रस्टर पुन्हा आत ओढतो, पात्यांच्या कडा आणि बेअरिंग झिजतात आणि कॅमेरा आंधळा होतो. म्हणून केबलवर चालणारी याने हाताळणारे अनुभवी चालक यान किंचित हलके ठेवतात. उंची राखायला झोत वरच्या दिशेला सोडावा लागतो आणि खालचा गाळ शाबूत राहतो.

या ढगाचा सर्वांत नेटका अभ्यास खोल समुद्रातल्या खाणकामाच्या निमित्ताने झाला. २०२१ मध्ये बेल्जियन कंपनीचे 'पटानिया-२' हे २५ टनांचे यान प्रशांत महासागराच्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवर चालवले गेले. एमआयटीच्या चमूने त्याच्यामागचा गाळ मोजला. २०२२ च्या त्यांच्या निबंधानुसार उठलेल्या गाळापैकी ९२ ते ९८ टक्के गाळ तळापासून दोन मीटरच्या आतच राहिला. यानामागच्या खळबळीने तो वर फेकला नाही. गाळाने जड झालेले पाणी स्वतःच्या वजनाने तळालगत प्रवाह होऊन पसरले. कणांनी इथे प्रवाहाला नुसता हातभार लावला नाही, तो त्यांनीच घडवला. २०२१ मध्येच चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओटीने, 'वराह' हे यान मध्य हिंद महासागरात पाच हजार मीटरहून खोल तळावर चालवून पाहिले. भारतासाठीही हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही.

जिवंत आणि विरघळलेले

समुद्रातले सगळेच कण खनिज नसतात आणि जिवंत कणांचा परिणाम कधी उलटा होतो. १९४८ मध्ये टॉम्स यांनी दाखवले की लांब साखळीच्या रेणूंची अत्यल्प मात्राही संक्षुब्ध प्रवाहातले घर्षण घटवते. नंतर ब्रिटनमधल्या हास्लरच्या चाचणी-तलावात प्रतिकृतींचा रोध अधूनमधून अकारण कमी भरू लागला, तेव्हा बोट शेवाळाने सोडलेल्या अशाच रेणूंकडे गेले. प्लवक माजलेल्या पाण्यात म्हणून गढूळपणा आणि रोध यांचे नाते सरळ राहत नाही.

पण तेच शेवाळ यानाला चिकटले की चित्र फिरते. बुळबुळीत लेप गाळ धरून ठेवतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये एका युद्धनौकेसाठी केलेल्या हिशेबात, १५ नॉट वेगाला केवळ दाट लेपामुळे लागणारी शक्ती सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. पाण्यातल्या दहा ग्रॅम गाळाने एक टक्का रोध वाढत नव्हता. कवचावर बसलेला पातळ थर त्याच्या वीसपट भारी पडतो. 'किती' आणि 'कुठे' यांतला फरक याहून ठळक दुसरीकडे दिसत नाही.

ज्यांची अडचण, त्यांचीच मदत

कण नसते तर प्रवाह मोजणेही अवघड झाले असते, हीही या विषयाची एक बाजू आहे. पाण्याचा वेग सांगणारी डॉप्लर साधने कणांवरून परतलेला आवाज ऐकतात. प्रयोगशाळेत लेझरच्या पडद्यात प्रवाहाची छायाचित्रे घेताना मुद्दाम कण सोडावे लागतात. मात्र त्यामागे एक गृहीतक असते: कण पाण्याच्याच वेगाने जातो. वाळूचा दाणा त्वचेजवळ ते मोडतो, हे आपण पाहिले. म्हणजे कणांचा परिणाम जिथे सर्वांत जास्त, तिथेच कणांवर बेतलेली मोजणी सर्वांत कमी भरवशाची.

तळाची उंची मोजण्यातही असाच घोटाळा होतो. सुमारे २०० किलोहर्ट्झचा ध्वनी द्रव चिखलाच्या माथ्यावरून परततो, तर तीसेक किलोहर्ट्झचा आत शिरून घट्ट तळ गाठतो. कोणत्या 'तळा'पासून दोन मीटर वर राहायचे, हे यानाला आधी सांगावे लागते.

काय हाती आहे, काय नाही

संगणकावर हे सारे मांडायचे तर आकडेच आडवे येतात. लिटरला १०० मिलिग्रॅम, १० मायक्रोमीटरचे कण धरले तर एका घनमीटरमध्ये सुमारे ७,२०० कोटी कण होतात. प्रत्येकाचा माग काढणे अशक्य. म्हणून एकतर हजारो कणांचा एक प्रतिनिधी धरतात, किंवा गाळाला पाण्यात मिसळलेला दुसरा द्रव मानतात. पहिल्या मार्गात त्वचेजवळचे बारकावे पुसट होतात, दुसऱ्यात टकरा आणि पुंजक्यांचे तुटणे अंदाजाने भरावे लागते. ही गणिते पडताळण्यासाठी यानाच्या आकाराच्या शरीरावरची मोजणी हवी. 'सबऑफ' ही ४.३६ मीटर लांबीची पाणबुडीची अमेरिकन प्रतिकृती जगभर आधार म्हणून वापरली जाते, पण तिच्यावरची प्रमाण मोजणी स्वच्छ पाण्यातली आहे. कणांवरचे भक्कम प्रयोग नळ्यांचे आणि कालव्यांचे आहेत. वक्र, पुढे फुगीर आणि मागे निमुळत्या शरीरावरचे प्रयोग मोजके, आणि त्यांतलेही बहुतेक स्तरीय प्रवाहाच्या फायद्यासाठी केलेले.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे प्रयोग करायला साधने आणि कारण दोन्ही आहेत. पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ पासून काम करते आहे, आणि बंदरांत साचणारा गाळ हा तिचा जुना विषय आहे. दोना पावल्याच्या संस्थेकडे यानेही आहेत आणि मांडवी-झुवारीच्या पावसाळी पाण्याचा अभ्यासही. एकीकडे गाळ कळतो, दुसरीकडे यान. त्यांना एका टाकीपाशी आणणारा प्रयोग साधा असेल: मायाएवढे शरीर, घनतेचा चढ असलेले गढूळ पाणी आणि रोधाबरोबरच प्लावक बल व नाकाचा कल यांची मोजणी.

तोवर एक सुधारणा विनाखर्च करता येईल. समुद्रचाचणीच्या अहवालात तापमान आणि क्षारता न चुकता नोंदवली जाते. गाळाचा एखादा आकडा असला तर तो पृष्ठभागावरच्या बाटलीतला असतो. त्याऐवजी तळापासून कोणत्या उंचीवर किती गाळ होता, कणांचा आकार काय होता आणि यान बाहेर काढल्यावर कवचावर काय बसले होते, हे तीन रकाने भरले, तर दोन ठिकाणच्या चाचण्या निदान शेजारी ठेवून तपासता येतील.